नवीन डीव्हीडी ड्राइव बसवला पण पीसीला दिसतच नाहीये? आधी ट्रे उघडतोय का ते बघा

मावसबहिणीचं लग्न झालं २००४ मधे. त्याच्या तीन व्हीसीडी मावशीने सांगलीहून येणाऱ्या एकाच्या हाती पाठवून दिल्या, कव्हरवर सोनेरी गणपती, खाली शुभविवाह, आणि मागोमाग फोन, की बाळा एवढं मोबाइलमधे टाकून दे रे, तुला काय पाच मिनिटांचं काम. पाच मिनिटांचं असतंही, पण माझ्या पीसीला डीव्हीडी ड्राइवच नव्हता, असेंबल करतानाच म्हटलं होतं आता सीडी कोण लावतंय. मग पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत जाऊन एक साटा (म्हणजे हल्लीच्या अरुंद केबलीच्या जोडणीचा) डीव्हीडी रायटर उचलला, घरी येऊन कॅबिनेट उघडलं, ड्राइव सरकवला, दोन केबली लावल्या, चालू केलं आणि धिस पीसी उघडतो तर सी आणि डी, बास. तिसरं काहीच नाही.

पुढचे दोन तास मी ड्रायव्हर शोधत बसलो. ते दोन तास तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय. माझी चूक एवढीच होती की मी सुरुवात विंडोजपासून केली, म्हणजे शेवटाकडून. ड्राइव दिसायला तीन नाकी पार करावी लागतात: आधी त्याला करंट मिळाला पाहिजे, मग बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमला, तो दिसला पाहिजे, आणि मग विंडोजने त्याला अक्षर दिलं पाहिजे. पहिल्या नाक्यावर गाडी अडकली असेल तर तिसऱ्या नाक्यावर जाऊन कितीही पावत्या फाडा, काही उपयोग नाही.

तर पीसी चालू करा आणि ड्राइवचं इजेक्ट बटण दाबा. ट्रे बाहेर आला, दिवा लुकलुकला, म्हणजे करंट पोचतोय, पॉवर केबलला हात लावायची गरज नाही, घोळ डेटा केबल, पोर्ट, बायोस किंवा विंडोजमधे आहे. ट्रे ढिम्म हलला नाही तर डेटा केबल, ड्रायव्हर वगैरे सगळं विसरा आणि फक्त पॉवरच्या मागे लागा. (पुढच्या बाजूला बारीक भोक असतं त्यात पेपरक्लिप सरळ करून घातली की ट्रे हाताने उघडतो, पण ती करंट नसतानाची सोय आहे, त्यावरून ड्राइव चालू आहे असं धरू नका.)

आता कॅबिनेट उघडायचंच आहे तर नीट बंद करा. विंडोज शटडाउन, मग भिंतीवरचं बटण बंद, मग पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून ठेवा म्हणजे आत उरलासुरला करंट निघून जातो. आतल्या पार्टांना हात लावायच्या आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात टेकवा, सिंथेटिक शर्ट घालून गालिच्यावर बसून हे करू नका. चालू पीसीत केबल काढघाल करू नका, साटा हॉटप्लग होतं हे मला पण माहितीये, पण ते बायोसमधे चालू असेल तर, आणि घरात आपल्याला तेवढी घाई कशाला.

पॉवरचं बघू. साटाचा पॉवर कनेक्टर रुंद असतो, १५ पिनांचा, आणि डेटाचा अरुंद, ७ पिनांचा, दोघांनाही इंग्रजी एल सारखी खाच असते त्यामुळे उलटा जात नाही, पण अर्धवट मात्र हमखास जातो. ड्राइव मागच्या बाजूने अडचणीत असतो, हात पोचत नाही, आपल्याला वाटतं बसला, आणि तो एका बाजूने तिरका राहिलेला असतो. त्यामुळे ड्राइवचे स्क्रू काढून तो पुढे अर्धा बाहेर ओढा, डोळ्यांसमोर दोन्ही केबली लावा आणि मग आत सरकवा. हे एकच केलं तरी निम्म्या लोकांचं काम इथेच होईल असं माझं मत आहे.

तरीही ट्रे उघडत नसेल तर हार्डडिस्कला जी पॉवर केबल चालू आहे ती तात्पुरती काढून डीव्हीडीला लावून बघा (विंडोज सुरू होणार नाही, न होऊ दे, आपल्याला फक्त ट्रे उघडतो का बघायचंय). उघडला तर आधीची लाइन मेलेली आहे. जुन्या एसएमपीएसला, म्हणजे पीसीला करंट पुरवणाऱ्या डब्याला, साटाच्या वायरी कमी असतात म्हणून बरेच जण मोलेक्सचं, म्हणजे त्या चार जाड पिनांच्या कनेक्टरचं, साटा करणारं कन्व्हर्टर लावतात. ते लावा, चालतं, त्यात ३.३ व्होल्टची लाइन येत नाही पण डीव्हीडीला ती लागत नाही. फक्त कनेक्टरचं प्लॅस्टिक वायरींवर ओतून बनवलेलं एकसंध ठोकळ्यासारखं मिळतं ते घेऊ नका, त्यात आतल्या वायरी जवळ येऊन शॉर्ट झाल्याच्या, वितळल्याच्या केसेस बऱ्याच आहेत. वायरी वेगवेगळ्या दिसतात, मागून टोपी बसवलेली असते, ते घ्या. आणि मोलेक्स जोडताना पिन वाकून मागे सरकते, कनेक्टर बसल्यासारखा वाटतो पण पिवळ्या वायरीची, म्हणजे १२ व्होल्टची पिन लागलेलीच नसते, लाल ५ व्होल्टची लागलेली असते. मग गंमत अशी होते की दिवा लागतो पण चकती फिरत नाही.

एक गोष्ट इथे ठळक अक्षरात वाचा. मॉड्युलर एसएमपीएस असेल, ज्याच्या केबली दोन्हीकडून निघतात, तर दुसऱ्या एसएमपीएसची केबल ड्रॉवरमधून काढून त्याला लावू नका. ड्राइवच्या बाजूचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण एसएमपीएसच्या बाजूला कुठल्या पिनवर किती व्होल्ट हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचं सुद्धा वेगळं. केबल आरामात बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की ड्राइव तर जातोच, त्याच वायरीवर हार्डडिस्क असेल तर ती पण जाते.

ट्रे उघडतोय? मग डेटा केबल. नवीन ड्राइवसोबत बऱ्याचदा केबल येतच नाही आणि आपण कुठल्यातरी जुन्या डब्यातली लावतो. साटा केबल दिसायला धडधाकट असते पण काटकोनात करकचून दुमडलेली असेल तर आतून गेलेली असू शकते. जुन्या केबलींना ती पत्र्याची क्लिप नसते, त्या पोर्टातून हळूच निसटतात, कॅबिनेट सरकवलं तरी निसटतात. सगळ्यात सोपी टेस्ट म्हणजे हार्डडिस्कची चालू असलेली डेटा केबल डीव्हीडीला लावायची, म्हणजे बोर्डावरचा तोच पोर्ट ठेवायचा, फक्त ड्राइवच्या बाजूचं टोक बदलायचं. बायोसमधे आला तर घोळ आधीच्या केबलमधे किंवा आधीच्या पोर्टात. नाही आला तर ड्राइववर संशय घ्या.

आणि आता माझा पोर्ट.

माझ्या बोर्डावर सहा साटा पोर्ट आहेत, त्यातले दोन कोपऱ्यात, आडवे, रिकामे, केबल सहज पोचेल असे, म्हणून मी बिनधास्त त्यातल्या एकात लावली. केबल बदलली, पॉवर बदलली, ट्रे आपला छान उघडतोय मिटतोय, जीभ दाखवल्यासारखा, आणि बायोसमधे त्या पोर्टासमोर एम्प्टी. मधेच मावशीचा फोन, दिसलं का रे लग्न? म्हटलं नाही गं, अजून मांडवच पडायचाय. शेवटी कंपनीच्या साइटवरून मदरबोर्डचं मॅन्युअल उतरवलं, आणि साटाच्या पानावर तळाला बारीक अक्षरात एक ओळ, की दुसऱ्या एम डॉट टू स्लॉटमधे (पातळ एसएसडी थेट बोर्डावर बसवायची जागा) एसएसडी लावली तर पाचवा आणि सहावा साटा पोर्ट बंद होतो. मी सहा महिन्यांपूर्वी त्याच स्लॉटमधे एसएसडी लावली होती. म्हणजे मी ज्या पोर्टात केबल खुपसत होतो तो पोर्ट नव्हताच, नुसतं प्लॅस्टिक होतं. केबल दुसऱ्या नंबरच्या पोर्टात लावली आणि पुढच्या मिनिटाला ड्राइव हजर.

हे फॉल्ट नाही, डिझाइनच तसं असतं. चिपसेटकडे, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपकडे, डेटाच्या लाइनी मोजक्या असतात, त्या एम डॉट टू आणि साटा मधे वाटून दिलेल्या असतात, एकाने घेतली की दुसऱ्याला मिळत नाही. कुठला स्लॉट भरला की कुठला पोर्ट जातो हे बोर्डागणिक बदलतं, काही ठिकाणी फक्त साटा प्रकारची एम डॉट टू लावली तरच पोर्ट बंद होतो, एनव्हीएमई (जास्त वेगवान प्रकारची) लावली तर नाही, काही ठिकाणी उलटं. त्यामुळे दुसऱ्याचं ऐकून उपयोग नाही, तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल उघडा, बोर्डावर मॉडेलचं नाव मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. अजून एक, काही बोर्डांवर दोन साटा पोर्ट वेगळ्या रंगाचे असतात आणि ते चिपसेटवर नसून एएसमीडिया किंवा मार्व्हेलच्या वेगळ्या चिपवर असतात. त्यांच्यावर हार्डडिस्क चालते पण डीव्हीडी ड्राइव कधी दिसतो कधी नाही, बूट तर बऱ्याचदा होतच नाही. डीव्हीडीला मुख्य चिपसेटचाच पोर्ट द्या. आणि नंबर मोजताना बघा, कोणी पोर्ट ० पासून मोजतं कोणी १ पासून.

बायोसमधे जायला पीसी चालू करताच डिलीट किंवा एफ२ टिचकत रहा, काही एचपीवर एफ१०. तिथे साटा किंवा स्टोरेज नावाचं पान शोधा, पोर्टांची यादी दिसेल आणि ड्राइव आला असेल तर त्याच्या समोर मॉडेलचं नाव. पोर्टच डिसेबल करून ठेवलेला असू शकतो, तो इनेबल करा. सेकंडहँड ऑफिसचे पीसी घेतले असतील तर हे नक्की बघा, डेलच्या ऑप्टिप्लेक्समधे सिस्टिम कॉन्फिगरेशन मधे ड्राइव्ह्ज नावाचं पान असतं आणि त्यात प्रत्येक साटा पोर्टासमोर टिक करायची चौकट असते, टिक नाही तर पोर्ट नाही. मित्राच्या पीसीवर मी हेच करून दिलं, अर्ध्या मिनिटाचं काम, त्याने चहा पाजला. फास्ट बूट चालू असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा.

तिथेच एएचसीआय, आयडीई, रेड असे मोड दिसतील. हात शिवशिवतात, माहितीये. पण तो मोड असाच बदलू नका, विंडोज ज्या मोडमधे टाकलंय त्याच्यावरच सुरू होतं, बदललात तर निळा स्क्रीन येऊन इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस म्हणून पीसी बसतो. बदललाच असेल तर घाबरू नका, परत होता तसा करा, विंडोज पुन्हा टाकायला पळू नका. आणि बूट ऑर्डरवर पण नजर टाका, नवीन ड्राइव आल्यावर काही बोर्ड त्यालाच पहिला नंबर देतात आणि मग ट्रेमधे सीडी राहिली की पीसी तिच्यावरून सुरू व्हायला बघतो.

पीसी चालू केल्यावर एकदम विंडोजच सुरू होत नसेल तर ते वेगळंच, ड्राइव सरकवताना कोपराने हार्डडिस्कची केबल ढिली झालेली असते, ती दाबा.

बायोसला दिसतोय आणि विंडोजला नाही, अशी वेळ आली तरच विंडोजकडे वळा. आधी एकदा रीस्टार्ट करा, शटडाउन नाही, रीस्टार्ट, कारण विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची भानगड आहे, शटडाउन केलं तरी ते पूर्ण बंद होत नाही, जुनी स्थिती साठवून ठेवून तीच परत उघडतं. आणि एक लक्षात घ्या, डीव्हीडी ड्राइवला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही, तो विंडोजमधेच असतो. ड्रायव्हर अपडेटर म्हणून जे फुकटचे प्रोग्रॅम मिळतात ते मी त्या दोन तासांत दोन उतरवले, डीव्हीडी मिळाली नाही, पण ब्राउझरला नवीन होमपेज मिळालं.

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या भागात सीडीरॉम ० असं दिसतंय पण अक्षर नाही? मग त्याच्यावर राइट क्लिक, चेंज ड्राइव लेटर, ॲड, आणि कुठलंतरी लांबचं अक्षर द्या, झेड द्या हवं तर. तिथे नसेल तर त्याच मेनूतून डिव्हाइस मॅनेजर. डीव्हीडी सीडीरॉम ड्राइव्ह्ज खाली ड्राइव आहे पण पिवळं उद्गारचिन्ह आहे तर त्याच्यावर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल करा आणि पीसी रीस्टार्ट करा, विंडोज त्याला नव्याने ओळखेल.

उद्गारचिन्ह परत आलं, आणि प्रॉपर्टीजमधे कोड १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ यातलं काही असेल, तर हा रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीतल्या, फिल्टरचा जुना आजार आहे. पूर्वी कधी सीडी बर्निंगचं किंवा व्हर्च्युअल ड्राइवचं सॉफ्टवेअर टाकलं असेल, ते काढलं तरी आपली चिठ्ठी मागे ठेवून जातं, आणि विंडोज प्रत्येक वेळी त्या गेलेल्या माणसाला हाक मारत बसतं. रेजएडिट (रजिस्ट्री बदलायचा विंडोजचाच प्रोग्रॅम) उघडा, लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास, आणि त्यात महिरपी कंसातला लांबलचक नंबर शोधा जो ४डी३६ई९६५ ने सुरू होतो. बरोबर ठिकाणी आलात का हे उजवीकडे बघा, क्लास समोर सीडीरॉम लिहिलेलं पाहिजे. नसेल तर मागे फिरा. असेल तर आधी त्या फोल्डरवर राइट क्लिक करून एक्सपोर्ट करा, म्हणजे परत आणता येईल, आणि मग अप्परफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या दोनच नोंदी डिलीट करा. शेवटी डॉट बीएके लागलेली असेल ती राहू द्या, ती निरुपद्रवी आहे. रीस्टार्ट. बर्निंगचं एखादं सॉफ्टवेअर यानंतर रुसेल, ते परत टाकलं की झालं.

एवढं करूनही दिसला नाही तर उबुंटूचा (विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टिम) लाइव्ह पेनड्राइव्ह लावून पीसी त्याच्यावरून सुरू करा, इन्स्टॉल नाही करायचं, नुसतं ट्राय. तिथे सीडी उघडली तर ड्राइव, केबल, पोर्ट सगळं निर्दोष आणि गुन्हेगार विंडोजच. तिथेही नाही, दुसऱ्याच्या पीसीवर पण नाही, तर ड्राइव मेलेला आहे, बिल शोधा आणि दुकानात परत न्या.

यूएसबीचा बाहेरचा ड्राइव असेल तर वरचं बरंचसं लागू नाही, तिथे बहुतेक वेळा करंटच कमी पडतो. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३ चा ९००. पुढच्या पॅनलचा पोर्ट किंवा हब नको, मागे थेट बोर्डावरच्या पोर्टात लावा, दोन तोंडांची केबल आली असेल तर दोन्ही तोंडं लावा. आणि काही जण डेस्कटॉपचा मोठा ड्राइव एसएसडीच्या यूएसबी केबलला लावतात आणि विचारतात की दिसत का नाही. ती केबल फक्त ५ व्होल्ट देते, मोठ्या ड्राइवला १२ पण लागतात, त्याला वेगळा अडॅप्टर असलेलंच कन्व्हर्टर हवं. लॅपटॉपचे पातळ ड्राइव ५ व्होल्टवर चालतात पण त्यांचा पॉवर कनेक्टर ६ पिनांचा छोटा असतो, शिवाय जाडी ९.५ मिमी की १२.७ मिमी ते मोजूनच घ्या.

माळ्यावरचा चाळीस पिनांच्या चपट्या पट्टीचा आयडीई ड्राइव काढला असेल तर खरं सांगू का, सोडून द्या. इंटेलने डेस्कटॉपच्या चिपसेटमधून आयडीईची सोय २००६ च्या आयसीएच८ पासूनच काढून टाकली. जुन्या बोर्डावरच लावायचा असेल तर मागचा जंपर (मास्टर की स्लेव्ह ठरवणारी छोटी टोपी) बघा, एका पट्टीवर दोन ड्राइव मास्टर असतील तर दोघंही भांडतात.

दिसायला लागला पण सीडी वाचत नाही, हा निराळा विषय. सीडीसाठी आणि डीव्हीडीसाठी आत वेगवेगळे लेझर असतात, त्यामुळे एक चालतं आणि दुसरं नाही असं होऊ शकतं, ड्राइव खराब म्हणायच्या आधी दोन्ही लावून बघा. विंडोज १० आणि ११ मधे डीव्हीडी सिनेमा लावणारा प्लेअर आलेलाच नसतो, व्हीएलसी टाका. आणि लग्नाची व्हीसीडी असेल तर एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमधे डॅट एक्स्टेन्शनची मोठी फाइल असते, तीच खरी, ती कॉपी करून व्हीएलसीमधे उघडा.

पहिल्या दोन सीडी माझ्या अशाच निघाल्या, हळद, मुहूर्त, सगळं. तिसरी पंगतीत अडकली, जिलबीचं ताट हातात घेतलेला मामा आणि तिथून पुढे नुसते चौकोन. काढून बघितली तर मागे हळदीचा डाग, खराच, वीस वर्षांपूर्वीचा. साध्या पाण्याने धुतली, मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसली (गोल गोल पुसायचं नाही), सुकवली, परत लावली. मामा पुढे सरकला.